मुक्त सॉफ्टवेअरची प्राथमिक मार्गदर्शिका : अनुवादाच्या हक्काचा इतिहास

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेकडील झरी-जामणी तालुक्यात मुकुटबन हे गाव आहे. येथील व्यवहाराची व शिक्षणाची प्रमुख भाषा मराठी. परंतु तेलंगणाची सीमा जवळ असल्याने तेलुगू कानांवर पडते, आणि परिसरातील वस्त्यांतून व पोडांतून गोंडी आणि कोलामी बोलल्या जातात. अशा गावातील विद्यार्थ्यास संगणक प्रथमच हाताळावयाचा असेल, तर त्याला दोन गोष्टींची गरज असते : परवडणारे सॉफ्टवेअर, आणि त्याला कळेल अशा भाषेतील मार्गदर्शिका. पहिल्या गोष्टीचा इतिहास पुष्कळदा सांगितला गेला आहे. दुसरीकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. तो दुसरा इतिहास मुख्यतः अनुवादाच्या हक्काचा इतिहास आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम संज्ञा स्पष्ट करावयास हवी. ‘मुक्त’ म्हणजे केवळ विनामूल्य नव्हे. जे सॉफ्टवेअर कोणासही वापरता, अभ्यासता, बदलता आणि इतरांना देता येते, ते मुक्त. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जी.एन.यू. प्रकल्पाची घोषणा केली व १९८९ साली जनरल पब्लिक लायसन्स या परवान्याने ही स्वातंत्र्ये कायद्याच्या भाषेत बांधली. परंतु सॉफ्टवेअर मुक्त झाले म्हणून त्याविषयीचे पुस्तक आपोआप मुक्त होत नाही. पुस्तकाला स्वामित्वहक्काचा सर्वसाधारण कायदा लागू राहतो. आपल्याकडील कॉपीराइट अधिनियम, १९५७ यातील कलम १४ अन्वये साहित्यकृतीचा अनुवाद करण्याचा हक्क हा स्वामित्वहक्काचाच भाग आहे. कलम ३२ मध्ये अनुवादाचा सक्तीचा परवाना मागण्याची सोय आहे खरी. पण त्यासाठी प्रथम प्रकाशनानंतर सात वर्षे जावी लागतात. अध्यापनासाठी वा संशोधनासाठी परदेशी ग्रंथ हवा असल्यास ही मुदत कमी आहे. तथापि तेथेही अर्ज, सुनावणी आणि मोबदला या पायऱ्या चुकत नाहीत. काही महिन्यांत जिची आवृत्ती बदलते अशा वस्तूच्या मार्गदर्शिकेला हा मार्ग निरुपयोगी होय.

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट हा उपक्रम सुरू झाला. त्यातील मॅट वेल्श यांची नवशिक्यांसाठीची मार्गदर्शिका मुक्त वितरणाच्या या परंपरेतील एक आद्य ग्रंथ मानावी लागेल. तिच्या प्रती काढण्यास व वाटण्यास कोणासही मोकळीक होती. मात्र अनुवाद किंवा रूपांतर प्रसृत करण्यापूर्वी लेखकाची लेखी संमती घेणे आवश्यक होते. या अटीमागे संकुचितपणा होता असे म्हणता येणार नाही. आपल्या नावावर चुकीचा मजकूर फिरू नये ही कोणत्याही लेखकाची रास्त इच्छा असते. परंतु परिणाम असा झाला की, प्रत मुक्त राहिली आणि भाषा मात्र बद्ध राहिली. इंग्रजी वाचकाला जे सहज मिळाले, ते इतर भाषिकांना विनंतीअर्जावाचून मिळेना.

ही उणीव २००० साली प्रसिद्ध झालेल्या जी.एन.यू. फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्स या परवान्याने बऱ्याच अंशी भरून काढली. त्यात अनुवाद हा बदलाचाच एक प्रकार मानला आहे. सबब ज्याला बदलण्याची मुभा आहे, त्याला अनुवादाचीही आहे. तथापि ‘अपरिवर्तनीय’ म्हणून घोषित केलेल्या भागांचे मूळ पाठ वगळून केवळ अनुवाद द्यावयाचा असेल, तर विशेष परवानगी लागतेच. २००१ साली स्थापन झालेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स संस्थेने डिसेंबर २००२ मध्ये आपले पहिले परवाने प्रसिद्ध केले. त्यांतील ‘श्रेयनिर्देश-समानवाटप’ या प्रकारात अशा राखीव भागांची कल्पना नाही. मूळ लेखकाचे श्रेय द्यावे, बदल केल्याचे नमूद करावे, आणि रूपांतर त्याच परवान्याखाली पुढे द्यावे, एवढ्यावर अनुवादक मोकळा होतो.

महाराष्ट्रात या परवान्याचा शिस्तशीर उपयोग मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाला. रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकाराने २००९ च्या सुमारास तेथे ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प उभा राहिला. सुमारे दहा मिनिटांचा एकेक पाठ, पडद्यावर प्रत्यक्ष कृती आणि सोबत निवेदन, असे त्याचे स्वरूप आहे. लिनक्स, लिबरऑफिस, सायलॅब, पायथन इत्यादी विषय त्यात येतात. पाठाची संहिता आधी लिहिली जाते व ती नवशिक्याकडून तपासून घेतली जाते. त्यानंतर ध्वनिमुद्रण होते. दृश्य तेच ठेवून निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत करण्यात येते. विद्यार्थी एका बाजूस पाठ व दुसऱ्या बाजूस सॉफ्टवेअर उघडून पायरीपायरीने शिकतो. शिक्षक वा इंटरनेट नसतानाही ही पद्धत चालू शकते. दूरच्या गावाच्या दृष्टीने हा गुण महत्त्वाचा आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला यात एक गुंता दिसेल. पडद्यावरचे शब्द इंग्रजी आणि कानांवर येणारे वाक्य मराठी. ‘फाईलवर क्लिक करा’ या वाक्यात नाम व क्रियेचा गाभा परका, प्रत्यय व सहायक क्रियापद आपले. त्याऐवजी ‘संचिका निवडा’ म्हणावे, तर भाषा शुद्ध होईल, पण नवशिक्या पडद्यावर ‘संचिका’ शोधीत राहील. म्हणजे मार्गदर्शिकेची परिभाषा सॉफ्टवेअरच्या परिभाषेपासून स्वतंत्रपणे ठरविता येत नाही. २००८ साली सुरू झालेल्या ‘फ्युएल’ प्रकल्पाने पडद्यावर वारंवार येणाऱ्या शब्दांच्या भाषावार याद्या सिद्ध करण्याचे काम हाती घेतले, ते याच अडचणीवर उपाय म्हणून. सॉफ्टवेअर मराठी झाले, तरच मार्गदर्शिका पूर्णार्थाने मराठी होऊ शकेल.

आता मुकुटबनकडे परत येऊ. समानवाटपाच्या अटीचा अर्थ असा की, इंग्रजीतून घेतलेला मराठी पाठ मराठी भाषिकांना स्वतःपुरता राखून ठेवता येत नाही. जो हक्क मराठीला इंग्रजीकडून मिळाला, तोच हक्क पोडावरील कोलामी भाषिकाला मराठीकडून, कोणाचीही परवानगी न मागता, मिळालेला आहे. कोलामी आठव्या अनुसूचीत नाही; पण तिचे वर्णन झालेले नाही असे मात्र नव्हे. वर्ध्याकडील बोलीच्या आधारे एमेनो यांनी सिद्ध केलेले तिचे व्याकरण १९५५ सालीच प्रसिद्ध झाले आहे.

अर्थात परवाना अडसर दूर करतो. अनुवादक निर्माण करीत नाही. ते काम माणसांनाच करावयाचे आहे. आपल्या विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एखाद-दुसरा मराठी पाठ घेऊन, कोलामी बोलणाऱ्या तरुणांच्या सोबतीने त्याची संहिता तयार केली आणि ती तेथील नवशिक्यांकडून तपासून घेतली, तर परिभाषा, प्रमाणीकरण व लेखन यांविषयीचे प्रश्न वर्गातील चर्चेपेक्षा अधिक स्पष्टपणे पुढे येतील. शिवाय त्या तरुणांच्या हाती उपयोगाची एक वस्तूही राहील.