परवाना आणि परीक्षा

वाहन हाती येणे आणि ते चालवण्याची पात्रता अंगी येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत हे आज सर्वांना मान्य होईल. कायद्याला मात्र हा भेद उमगायला बराच काळ लागला, आणि त्या विलंबाची किंमत माणसांनी प्राणांनी मोजली.

१८६५ च्या ब्रिटिश कायद्यानुसार यांत्रिक वाहनापुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालत असे. गावात ताशी दोन मैल आणि गावाबाहेर चार मैल, एवढीच वेगाची मुभा होती. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही महिला मोटारीखाली सापडून मृत्यू पावली. मोटारीच्या धडकेने पादचारी दगावल्याची ब्रिटनमधील ही पहिली नोंद. चालकाला मोटार चालवू लागून अवघे तीन आठवडे झाले होते आणि त्याच्याजवळ परवाना नव्हता, कारण तशी अटच नव्हती. त्याच वर्षी पुढे वेगमर्यादा ताशी चौदा मैलांपर्यंत वाढवण्यात आली. शिक्षणाची अट मात्र कोणी घातली नाही.

१९०३ च्या कायद्याने १ जानेवारी १९०४ पासून परवाना आवश्यक झाला. पाच शिलिंग भरले की तो हाती पडे. परीक्षा नव्हतीच. वस्तुतः पॅरिसच्या पोलीस खात्याने १८९३ मध्येच चालकाला पात्रतेचे प्रमाणपत्र सक्तीचे केले होते. ब्रिटनमध्ये १९३४ साली ७,३४३ माणसे रस्त्यावर मृत्युमुखी पडली, आणि मग १ जून १९३५ पासून नव्या चालकांना परीक्षा बंधनकारक झाली. पुढील वर्षांत मृत्यूंची संख्या घटली. त्याच सुमारास वस्तीतील वेग ताशी तीस मैलांवर आणला गेला होता, त्यामुळे सारे श्रेय एकट्या परीक्षेला देता येणार नाही. तरी शिक्षण आणि शिस्त यांची सांगड फलदायी ठरते, एवढे त्यातून दिसते.

आपल्याकडे १९१४ मध्ये मोटार वाहनांचा पहिला अखिल भारतीय कायदा झाला आणि १९३९ च्या कायद्यात चालकाच्या परीक्षेची तरतूद आली. हे कायदे ब्रिटिश हिंदुस्थानपुरते होते. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद या संस्थानांचा कारभार वेगळा होता. हैदराबादेत १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वे व रस्ते वाहतूक खात्याने २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी घेऊन सेवा सुरू केली. गोव्याची कथा आणखी निराळी. १९२८ मध्ये पोर्तुगालने वाहने उजव्या बाजूने चालवण्याचा नियम केला, पण शेजारच्या मुलखाशी दळणवळण असलेल्या गोव्यात डावी बाजूच कायम राहिली. रस्त्याचा नियम राजधानीच्या आज्ञेपेक्षा समोरून येणाऱ्याशी असलेल्या सामंजस्यावर अधिक अवलंबून असतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

स्वतंत्र भारतात १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. शिकाऊ परवाना, किमान तीस दिवसांचा अवधी, नंतर परीक्षा असा क्रम त्यात घालून दिला आहे. तरीही २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे अपघातांत मृत्युमुखी पडली, आणि अतिवेग हे त्यांचे सर्वांत मोठे कारण होते. नियम कागदावर असून हे घडते, याचा अर्थ शिक्षणाचा गाभा हरवला आहे. अनेक ठिकाणी परवाना हे साध्य आणि परीक्षा ही अडचण मानली जाते.

या प्रश्नाचा धागा आपल्या घरापर्यंत येतो. नातवाला दहावीच्या निकालाची भेट म्हणून गाडीची किल्ली देण्यात आपल्याला कौतुक वाटते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. पण दंडाचा धाक हे काही कारण नव्हे. परक्या मुलखात चार पिढ्या टिकलेल्या आपल्या घराण्यांनी भाषा आणि रीतिरिवाज शिकवले ते रोजच्या वागण्यातून. तसेच वाहनाचेही आहे. पुढच्या गाडीपासून अंतर राखणे, वळण्यापूर्वी इशारा देणे, पादचाऱ्याला वाट देणे, पट्टा बांधल्याशिवाय किल्ली न फिरवणे, हे सारे शेजारच्या आसनावरचे मूल आपल्याकडे पाहूनच शिकते. त्यानंतर शिकवणीवर्गातील शिक्षकाचे काम निम्मे होते.

इंग्लंडला परीक्षेची आवश्यकता पटायला एकोणचाळीस वर्षे लागली. आपल्याजवळ तो अनुभव आयता आहे. त्यातून शिकायचे की नाही, हे आपल्या हातात आहे.