माती, ब्राँझ आणि सिमेंट



आपणां उपनगरवासीयांच्या शेजारींच, जोगेश्वरीस आणि बोरिवलीच्या मंडपेश्वरास, शैव लेणीं आहेत. तीं कोरणाऱ्या कारागिरांपुढें सामग्रीची निवड नव्हतीच. डोंगरानें जो खडक दिला त्यांतूनच देव काढावयाचा. विसाव्या शतकांतल्या शिल्पकारापुढें मात्र प्लॅस्टर, संगमरवर, ब्राँझ, सिमेंट अशी रास येऊन पडली. या विपुलतेंत घरचा वारसा हरवतो कीं टिकतो? हा प्रश्न मला विनायक पांडुरंग करमरकर यांच्या कामावरून तपासावासा वाटतो.

करमरकरांचा जन्म १८९१ सालीं अलिबागजवळच्या सासवणें गांवीं झाला. घरीं गणपति घडविण्याची परंपरा होती. गणपतीची मूर्ति विसर्जनासाठींच घडते. मन लावून राबावें आणि भाद्रपदांत तें सारें पाण्याच्या स्वाधीन करावें. हाताला वळण लावणारी याहून चांगली शाळा मला तरी ठाऊक नाहीं, आणि माझा उभा जन्म शाळेंतच गेला आहे! देवळाच्या भिंतीवर या मुलानें काढलेलें शिवाजीमहाराजांचें चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडलें, व त्यांच्या साह्यानें तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत आला. पुढें कलकत्ता व लंडन झालें.

भिंतीवरचे ते महाराज १९२८ सालीं पुण्यास ब्राँझमध्यें अवतरले. आज श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारांत असलेला हा अश्वारूढ पुतळा सुमारें आठ टन वजनाचा आहे. तो मुंबईंत माझगांवच्या गोदींत ओतला गेला, आणि तोही अखंड. ओतकामांत धातु सर्वत्र सारखा पोंचला नाहीं, कोठें पोकळी राहिली, कीं सगळा खटाटोप वायां जातो. परंतु लोक एक गोष्ट विसरतात. ब्राँझच्या पुतळ्याचाही पहिला आकार मातींतच घडतो. साचा आणि भट्टी मागाहून येतात. सासवण्याच्या पडवींतील विद्या या आठ टनांच्या पोटांत आहे.

ब्राँझला आणि संगमरवराला आश्रयदाता लागतो, आणि आश्रयदाता राजे व पुढारी यांचेच पुतळे मागतो. हंबरणाऱ्या म्हशीचा पुतळा कोण मागणार? तेथें करमरकरांनीं सिमेंट हातीं घेतलें. बंगले बांधण्याचा हा माल कलाप्रांतांत हलका समजला जाई. पण तो स्वस्त, ऊनपावसाला टिकाऊ आणि ओला असतांना आज्ञाधारक! त्यांत त्यांनीं आपल्या परिसरांतलीं माणसें आणि जनावरें घडविलीं. माझ्या मतें त्यांचा खरा वारसा महाराजांच्या पुतळ्याइतकाच या म्हशीपाशीं आहे. किंबहुना तिच्यापाशीं अधिक, कारण ती कोणाच्या फर्मासीनें झाली नाहीं.

त्यांना १९६४ सालीं पद्मश्री मिळाली; १९६७ सालीं ते निवर्तले. सासवण्याचें त्यांचें घर आतां शिल्पालय आहे. अंधेरी-घाटकोपरच्या श्रोत्यांनीं गेटवेहून मांडव्याची लाँच धरावी. तेथून तें फार दूर नाहीं. मुलांना बरोबर न्यावें, आणि म्हशीसमोर त्यांना घाई करूं नये.