गडगडत्या धोंड्यांचं खातं

आमच्या पोलादपूर तालुक्यात गडगडता धोंडा म्हटला की तो आंबेनळी घाटातला. पावसाळ्यात तो वरून येतो, रस्त्याच्या मधोमध बैठक मारतो आणि महाबळेश्वरची यष्टी तासन् तास खोळंबते. यापलीकडे धोंड्यांशी आमचा संबंध नव्हता. पण गेल्या मे महिन्यात पुण्याचा भाचा आला तो काळा टीशर्ट घालून. छातीवर हे एवढं लाल तोंड आणि त्यातून लोंबणारी हातभर जीभ. "मामा, रोलिंग स्टोन्स. म्हणजे गडगडते धोंडे. बँड आहे."

आई चष्मा सावरत पुढे आली. तिने जीभ निरखली, हात जोडले आणि म्हणाली, "ही कालिकेची जीभ रे. अशा कपड्यावर जेवताना सांडू नको हो."

भाचा हसला. मीही हसलो. हसायला नको होतं. कारण पुढे मी चौकशी केली तेव्हा कळलं, की १९७० साली जॉन पाश नावाच्या लंडनच्या एका चित्रकलेच्या विद्यार्थ्याला या बँडचा गायक मिक जॅगर याने बोलावलं आणि त्याच्यापुढे नमुना म्हणून चक्क कालीमातेचं चित्र ठेवलं. त्यावरून त्या पोराने ही जीभ काढली. मजुरी ५० पौंड. मागाहून बँडला दया आली आणि आणखी २०० दिले. आई चौथी पास. मी बी. कॉम.

त्या दिवसापासून या धोंड्यांचा नाद लागला. संगीतातलं मला काही कळत नाही. पण बँकेत २० वर्षं खर्डेघाशी केल्यावर माणूस कुणाचंही चरित्र खातेवहीसारखं वाचायला लागतो. खातं कधी उघडलं, भागीदार किती, कोण आला, कोण गेला, शिल्लक काय. बारावीच्या पुस्तपालनात 'भागीदाराचा प्रवेश', 'भागीदाराची निवृत्ती' आणि 'भागीदाराचा मृत्यू' असे तीन धडे होते. या बँडने तिन्ही धडे सोडवले आणि दुकान चालूच ठेवलं. ६० वर्षं उलटून गेली! आमच्या गावच्या भजनी मंडळाची चिरफळी झाली ती पंचविशीच्या आत. तेव्हा यांच्याकडे असं काय होतं, हे शोधणं मला भाग होतं. मी त्या मंडळाचा खजिनदार आहे. म्हणजे होतो. म्हणजे वह्या अजून माझ्याकडेच आहेत.

खातं उघडलं ते असं. १७ ऑक्टोबर १९६१, सकाळ, लंडनजवळचं डार्टफर्ड स्टेशन. मिक जॅगर गाडीची वाट पाहत उभा. हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा विद्यार्थी, म्हणजे आमच्याच लायनीतला. तिथे त्याला प्राथमिक शाळेतला सोबती भेटला, कीथ रिचर्ड्स. महाडच्या स्टँडवर शाळासोबती भेटला तर तो आधी आपल्या पिशवीत डोकावतो आणि "सुके बोंबील कसे लावले?" विचारतो. कीथही डोकावला. जॅगरच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्स या अमेरिकन गवयांच्या रेकॉर्डी होत्या. झालं. त्यांना ब्रायन जोन्स मिळाला. त्याने जाहिरातीसाठी पेपरला फोन लावला, तिकडून विचारलं "नाव काय?", नाव तर ठरलेलंच नव्हतं. खाली जमिनीवर मडी वॉटर्सची रेकॉर्ड पडली होती, तिच्यावरच्या गाण्याचं नाव वाचून दाखवलं. १२ जुलै १९६२ला लंडनच्या मार्की क्लबात पहिला कार्यक्रम झाला. मुहूर्त, नारळ, अध्यक्षीय भाषण वगैरे काही नाही.

आता ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो माणूस. इयान स्ट्यूअर्ट. पियानो वाजवायचा. बँडच्या अगदी पहिल्या माणसांपैकी एक. आणि नोकरीने? कारकून! इम्पीरियल केमिकल कंपनीत. बाकी मंडळींकडे फोन नव्हता, याच्या टेबलावर कंपनीचा होता. तोच नंबर जाहिरातीत जायचा आणि हा पठ्ठ्या ऑफिसात बसून कार्यक्रमांच्या सुपाऱ्या घ्यायचा. हे वाचलं आणि अंगावर मूठभर मांस चढलं. कारण आमच्या मंडळाच्या सुपाऱ्याही वर्षानुवर्षं बँकेच्या फोनवरच आल्या आहेत. "एक मिनिट हं, पासबुक नंतर भरतो, वाकणहून सप्ताहाचा फोन आहे," असं म्हणून मी किती गिऱ्हाइकं ताटकळत ठेवली असतील, देव जाणे. (साहेबांनी हे वाचू नये.)

१९६३ साली बँडला अँड्र्यू ओल्डहॅम नावाचा व्यवस्थापक मिळाला. वय १९. त्याने सहा जणांना रांगेत उभं केलं आणि म्हणाला, सहा तोंडं लोकांच्या लक्षात राहत नाहीत, पाच पुरे. शिवाय या जबड्याच्या माणसाचं रूप पोरींच्या भिंतीवर लावण्याजोगं नाही. स्ट्यूअर्टला फोटोतून काढलं. तू मागे राहा, सामानाची गाडी चालव, रेकॉर्डिंगला पियानो वाजव.

दुसरा कुणी तणतणत गेला असता. हा राहिला. गाडी चालवली, पियानो वाजवला, तोही आपल्या मर्जीने. मायनर सूर त्याला पसंत नव्हते, ते आले की भर कार्यक्रमात हात वर उचलून बसायचा. मंडळींच्या राहण्याची सोय त्याच्याकडे असायची तेव्हा गोल्फचं मैदान जवळ असलेली हॉटेलं धरायचा, कारण गोल्फ तो खेळायचा. चढ्या रूपाच्या बाकी चौघापाचांनी तिथे करायचं काय, हा त्यांचा प्रश्न. डिसेंबर १९८५मध्ये तो गेला, आणि १९८९ला अमेरिकेत बँडचा मोठा सन्मान झाला तेव्हा बँडने आग्रहाने त्याचंही नाव यादीत घालायला लावलं.

मी दहावीत असताना आमच्या बुवांनी मला कोरसमधून उठवलं. म्हणाले, "बाळा, तुझा आवाज पेटीत मिळत नाही. तू हिशेब बघ." त्या रात्री मी घरी जाऊन रडलो, हे आजवर सौ.लाही सांगितलेलं नाही. मग हिशेब बघितला. टाळांच्या जोड्या, पखवाजाची कणीक, टेम्पोचं भाडं, सगळं. इतक्या वर्षांत मंडळाचा एक फोटो नाही ज्यात मी आहे. फोटो मीच काढायचो.

असो. पैशाकडे वळू. पहिल्या काही वर्षांत या पोरांनी कसलाही कागद न वाचता सह्या ठोकल्या. ॲलन क्लाइन नावाच्या अमेरिकन व्यवस्थापकाशी काडीमोड घेतला तेव्हा लक्षात आलं की १९७१पूर्वीच्या गाण्यांचे हक्क आपल्याकडे राहिलेलेच नाहीत. वर इंग्लंडातला प्राप्तिकर. वरच्या उत्पन्नावर ९० टक्क्यांच्या पुढे! १०० मिळवा, सरकारला द्या, उरल्यात बसभाडं. तेव्हा १९७१ साली अख्खं मंडळ फ्रान्सला पळालं आणि कीथच्या बंगल्याच्या तळघरात, घामाच्या धारांत, पुढच्या रेकॉर्डीचं बरंचसं काम उरकलं.

यातून त्यांना बाहेर कुणी काढलं? बँकवाल्याने. प्रिन्स रूपर्ट लोवेनस्टाइन हे जर्मन राजघराण्यातलं नाव, धंदा सावकारी पेढीचा. १९६८ला आला तो २००७पर्यंत हिशेब पाहत राहिला. या गृहस्थाला रॉक संगीत आवडत नव्हतं. त्याला अभिजात संगीत लागायचं. कोटटाय घालून यायचा, आकडे बघायचा, घरी जायचा. मला वाटतं, म्हणूनच टिकला. भजनाला डोलणाऱ्या माणसाच्या हाती तिजोरीची किल्ली देऊ नये. मी डोलायचो.

भागीदारीचे धडे थोडक्यात आटपतो. ब्रायन जोन्स जून १९६९मध्ये बाहेर पडला, आणि महिना लोटायच्या आत ३ जुलैला पोहण्याच्या तलावात मेलेला सापडला. वय २७. त्याच्या जागी मिक टेलर आला, १९७४ अखेर तोही गेला. १९७५ला रॉनी वुड आला, पण त्याला नफ्यात वाटा नव्हता. नव्वदीच्या दशकापर्यंत पगारी! इतकं लांबलेलं प्रोबेशन आमच्या बँकेतही ऐकिवात नाही. बिल वायमन १९९३ला निवृत्त झाला. १९८०च्या दशकात जॅगरने स्वतःच्या एकट्याच्या नावाने रेकॉर्ड काढली आणि कीथचं आणि त्याचं बोलणं तुटलं. आमच्याकडेही हेच झालं. २०१९च्या सप्ताहाला बुवांनी नुसत्या स्वतःच्या नावाचा बॅनर लावला, पेटीवाले गुरुजी उठून गेले, त्यांच्यामागे निम्मे टाळकरी. फरक इतकाच, की जॅगर आणि रिचर्ड्स १९८९च्या जानेवारीत बार्बाडोस बेटावर एकत्र बसले, एकमेकांना यथेच्छ शिव्या दिल्या आणि गाणी करायला घेतली. आमच्या मंडळींना बार्बाडोस परवडलं नसतं. पण सावित्रीच्या काठी बसायला कुणाची हरकत नव्हती.

राहिला चार्ली वॉट्स. ढोलकी-नगाऱ्याचा माणूस, जानेवारी १९६३पासून. बाकीचे धिंगाणा घालत असताना हा नीट शिवलेला सूट घालून मागे बसायचा. प्रत्येक हॉटेलातल्या पलंगाचं चित्र काढायचा. १९८४ साली ॲमस्टरडॅमला पहाटे जॅगरने खोलीत फोन करून "माझा ड्रमर कुठाय?" विचारलं. चार्लीने उठून दाढी केली, सूट चढवला, टाय बांधला, खाली गेला, आणि जॅगरला एक ठोसा लगावून सांगितलं, की मी तुझा ड्रमर नाही, तू माझा गवई आहेस. किस्सा कीथने आत्मचरित्रात दिलाय. ठोशाआधी दाढी! याला म्हणतात तालाचा माणूस.

त्याचा ठेका मी कानांनी ऐकलाय. ७ एप्रिल २००३. मी लालबागला काकांच्या खोलीवर राहून बँकेच्या परीक्षा देत होतो. संध्याकाळी चर्चगेटला काम होतं. ब्रेबॉर्न स्टेडियमवरून जाताना आतून धडधड येत होती. आत रोलिंग स्टोन्स होते. तीन दिवस आधी बंगळूरला वाजवून आले होते. तेव्हा मला नावही ठाऊक नव्हतं. फुटपाथवर शेंगदाणे खात पाचदहा मिनिटं उभा राहिलो. गाणं कळेना, पण ठेका असा, की वाटलं आमचे तात्याच आत बसलेत.

तात्या म्हणजे मंडळाचे पखवाजी. १९८२च्या संपात लालबागची गिरणी सुटली आणि पखवाज घेऊन गावी आले. जन्म ४३ सालचा, म्हणजे जॅगरच्याच वर्गातले. मंडळ फुटलं तेव्हा दोन्ही बाजूंनी त्यांना ओढलं. तात्या म्हणाले, "मी कुनाचा नाय. पखवाज मंडळाचा हाय. खजिनदाराकडं ठेवा." म्हणून पखवाज माझ्या महाडच्या खोलीवर आला.

२२ जुलै २०२१ला महाड बुडालं. माझ्या खोलीत माळ्यापर्यंत पाणी. वह्या गेल्या, पखवाज गेला. नंतर चिखल उपसायला बुवाही आले आणि गुरुजीही. एकाच घमेल्याला दोन बाजूंनी धरून गाळ टाकत होते, बोलत नव्हते. महिन्याने, मंडळाच्या वहीची पानं दोरीवर वाळत घातली होती, तेव्हा पेपरात वाचलं. २४ ऑगस्टला चार्ली वॉट्स गेला. बँड थांबला नाही. सप्टेंबरात नवा ढोलकीवाला घेऊन दौऱ्यावर गेला. २०२४च्या अमेरिकन दौऱ्याचा खर्चाचा भागीदार कोण होता म्हणाल, तर तिथली म्हाताऱ्या माणसांची संघटना!

पखवाज मढवून आणलाय. तो परवा तात्यांना दाखवायला नेला. भाच्याने मोबाइलवर गाणी भरून दिली होती, त्यातलं २०२३च्या रेकॉर्डीवरचं शेवटचं लावलं. हे तेच मडी वॉटर्सचं, ज्यावरून नाव उचललं होतं. यात दोघंच आहेत. जॅगर गातो आणि तोंडाने बाजा वाजवतो, रिचर्ड्स गिटार धरतो. तात्यांनी डोळे मिटून ऐकलं. बोटं गुडघ्यावर काही तरी शोधत होती.

गाणं संपलं. तात्या म्हणाले, "ह्यांचा ठेक्याचा मानूस गेला काय रं?"

मी हो म्हटलं.

"मग नवा घेतला न्हाई?"

"घेतला की. पण ह्या गाण्यात नाही वाजवला."

तात्यांनी पखवाज जवळ ओढला, डाव्या तोंडाला बोट लावून पाहिलं आणि आत हाक मारली, "गे, कणीक भिजव जरा. आनि पोराला धाड, बुवाला सांग, गुरुजीलाबी सांग. नुस्ता पखवाज बघायला या म्हनावं."