थेंब तेच, मुलूख वेगळा

पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली आणि तेच दोन थेंब देशभरातल्या बाळांच्या तोंडात पडू लागले. तरी २००२ मध्ये देशात सापडलेल्या १,६०० रुग्णांपैकी १,२४२ एकट्या उत्तर प्रदेशातले होते. २००९ मध्ये दक्षिणेतून हा आजार जवळजवळ हटला होता, पण देशातल्या ७४१ रुग्णांपैकी ६०२ उत्तर प्रदेशात आणि ११७ बिहारमध्ये निघाले. याचा दोष बहुतेकांनी आईबापांवर टाकला: अडाणी लोक, त्यातही मुरादाबाद-बरेलीकडचे मुसलमान, लस घेऊ देत नाहीत. लशीने वंध्यत्व येते ही अफवा तिथे पसरली होती, काही दारे बंद झाली होती आणि त्यामुळे मुले सुटली, हे खरेच आहे. पण तेवढ्याने हा फरक उलगडत नाही. अनेक डोस घेतलेली मुलेही तिथे लुळी पडत होती. तोंडावाटे दिलेली ही लस आपल्याकडच्या मुलांत पाश्चात्त्य मुलांपेक्षा कमी रुजते, हे वेल्लोरच्या डॉ. टी. जेकब जॉन यांनी १९७०च्या दशकातच दाखवले होते. पुढे २००६ मध्ये संशोधक निकोलस ग्रासली आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला: पोलिओ विषाणूच्या तीन प्रकारांपैकी टाइप १ विरुद्ध एका डोसचे संरक्षण उत्तर प्रदेशात सुमारे ९ टक्के, बिहार वगळता उर्वरित भारतात २१ टक्के. लशीतल्या जिवंत विषाणूला आतड्यात जागा मिळावी लागते. सततचे जुलाब आणि इतर विषाणू ती मिळू देत नाहीत. त्यात दाट वस्ती, उघडी गटारे आणि दरवर्षी जन्मणारी लाखो असंरक्षित बाळे.

यावर रास्त आक्षेप असा की गटारे तर २०११ मध्येही उघडीच होती, मग पोलिओ गेला कसा? नकार देणाऱ्या घरांचे मन वळवण्यात गल्लीगल्लीतल्या कार्यकर्त्या बायकांचा वाटा मोठा आहे, तो नाकारता येणार नाही. पण त्याच काळात लसही बदलली होती. २००५ पासून फक्त टाइप १ वर नेम धरणारी लस आली. उत्तर प्रदेशात तिचा एक डोस तिन्ही प्रकारांवरच्या जुन्या तिहेरी लशीच्या जवळजवळ तिप्पट लागू पडला. २०१० मध्ये टाइप १ आणि ३ साठी दुहेरी लस आली. बिहारमधल्या कोसी नदीच्या पूरपट्ट्यातली गावे, वीटभट्ट्या, स्थलांतरितांची पाले मोहिमेने नकाशावर घेतली. मुंबईच्या सांडपाण्यात सापडणारा विषाणूही उत्तरेकडच्याच वंशाचा होता, म्हणजे तिथली साखळी तुटल्याशिवाय इथली मुलेही निर्धोक नव्हती. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यातली दोन वर्षांची मुलगी ही देशातली नैसर्गिक पोलिओची शेवटची रुग्ण ठरली. उत्तर प्रदेशातला शेवटचा रुग्ण त्याआधीच, २०१० मध्ये, नोंदला गेला होता.