बाखचे कॉन्चेर्टो आणि पियानो

लाइपझिग शहरांतील काथारिनेन रस्त्यावर त्सिमरमान नांवाच्या गृहस्थाचें कॉफीगृह होतें. हिवाळ्यांत दर शुक्रवारीं रात्रीं तेथें विद्यार्थ्यांचा संगीतमेळा जमे. हा मेळा टेलेमाननें आपल्या विद्यार्थिदशेंत स्थापिला होता; १७२९ सालीं त्याचें नेतृत्व योहान सेबास्टियन बाखकडे आलें. १७३३ च्या जूनमध्यें, राजाच्या निधनाचें सुतक फिटतांच, वर्तमानपत्रांत सूचना आली कीं, या शहरानें अद्याप ऐकला नाहीं असा नवा हार्पसिकॉर्ड आतां ऐकावयास मिळेल. पुढें १७३८ च्या सुमारास बाखनें हार्पसिकॉर्ड आणि तंतुवाद्यांचा लहान वृंद यांसाठीं सात कॉन्चेर्टो स्वहस्तें लिहून काढले. त्यांतील बहुतेक मूळचे व्हायोलिनसारख्या अन्य वाद्यांसाठीं रचिलेले होते.

हार्पसिकॉर्ड आणि पियानो यांच्या पट्ट्या दिसावयास सारख्या, आंतील करणी मात्र निराळी. हार्पसिकॉर्डची पट्टी दाबली म्हणजे पिसाच्या दांड्याची बारीक नखी तार छेडते. सतारीवर नखी चालते तसाच हा प्रकार. पट्टी हळू दाबा वा जोरानें, आवाज जवळजवळ तेवढाच. पियानोंत हातोडी तारेवर आपटते, आणि बोटाच्या जोराप्रमाणें नाद लहानमोठा होतो. बाखच्या डी मायनर कॉन्चेर्टोच्या आरंभीं सर्व वाद्यें एकच सुरावट एकदम उच्चारितात. हार्पसिकॉर्ड तींत मिसळून जातो आणि मग वेगळा होऊन पुढें सरतो. पियानो मिसळत नाहीं. पहिल्या स्वरापासूनच उठून दिसतो. सगळ्या वादाचें मूळ येथें आहे.

तथापि पियानोवाल्यांना उपरे म्हणण्यापूर्वीं थोडा इतिहास पाहावा. बाख १७५० सालीं वारला आणि पुढच्या अर्धशतकांत हार्पसिकॉर्ड घराघरांतून हद्दपार झाला. त्या पडत्या काळांत ही रचना टिकली ती मोजक्या माणसांच्या निष्ठेमुळें. बर्लिनच्या सारा लेवीबाई या बाखच्या थोरल्या मुलाच्या शिष्या. त्यांनीं हस्तलिखितें जमविलीं आणि १८०८ च्या सुमारास झिंग-अकाडेमी या संस्थेंत डी मायनर कॉन्चेर्टो वृंदासह वाजविला. त्यांच्या बहिणीचा नातू फेलिक्स मेंडेल्सझोन. त्यानें १८४० सालीं लाइपझिग येथें लिस्ट आणि हिलर यांस बरोबर घेऊन बाखचा तीन वाद्यांचा कॉन्चेर्टो तीन पियानोंवर वाजविला. लिस्टसारखा वादक या कामीं तिघांतील एक होऊन बसला, हेंही ध्यानांत घेण्याजोगें आहे. झिंग-अकाडेमीचा ग्रंथसंग्रह दुसऱ्या महायुद्धांत बर्लिनबाहेर हलविला गेला आणि नाहींसा झाला. तो १९९९ सालीं कीव्ह येथें सांपडला व २००१ सालीं परत आला. त्सिमरमानचें घर मात्र १९४३ च्या डिसेंबरांत बाँबहल्ल्यांत गेलें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं वांडा लांडोव्हस्काबाईंनीं हार्पसिकॉर्डचा पक्ष हिरीरीनें मांडला. त्यांच्याकरितां प्लेयेल कंपनीनें बांधलेला मोठा हार्पसिकॉर्ड १९१२ सालीं ब्रेस्लाउच्या बाखोत्सवांत वाजला. बाखचें संगीत बाखच्याच वाद्यावर, हें त्यांचें म्हणणें सरळ होतें व त्यास उत्तर देणें सोपें नव्हतें.

स्विस पियानोवादक एडविन फिशर यानें तें कृतीनें दिलें. बर्लिनमध्यें त्यानें स्वतःचा लहान वृंद उभारला. छडी घेऊन उभा राहणारा संचालक त्यानें ठेवला नाहीं. पियानोपुढें बसूनच तो सर्वांना चालवी. १९३३ सालीं त्यानें डी मायनर कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केला. हा मार्ग बाखचाच. पुढें मरे पेराहियासारख्यांनींही तोच धरला. ग्लेन गूल्डनें मात्र १९५७ च्या आपल्या ध्वनिमुद्रिकेंत लिओनार्ड बर्नस्टीन यांस संचालक घेतलें.

एक अडचण फिशरच्या मार्गानेंही सुटत नाहीं. सारा वृंद गाजूं लागला म्हणजे पियानोनें गप्प बसावें कीं आंतून साथ धरावी? हार्पसिकॉर्ड अशा वेळीं साथ करीत राही. पियानोनें तसें केलें तर खालचे स्वर जड होतात. न केलें तर वादक पाहुण्यासारखा वाट पाहत बसतो. कुशल वादक पाय पेडलवरून काढतो आणि बोटें हलकीं ठेवितो.

उलट एफ मायनर कॉन्चेर्टोच्या संथ भागांत पियानोचा कस लागतो आणि तो उतरतोही. तेथें तंतुवाद्यें गज खालीं ठेवून बोटांनीं तारा छेडतात. त्या टिपक्यांवर एकच सुरावट लांबवीत न्यावयाची असते. हार्पसिकॉर्डवादक ती अलंकारांनीं भरून काढतो. पियानोवर ती गातां येते.