डॉक्टर थेनीत, रुग्ण गावात

तामिळनाडूतली मदुराई–बोडी ही शाखा आपल्या मंडळातल्या जुन्या रेल्वेवाल्यांना आठवत असेल. उसिलमपट्टी, आंडिपट्टी, थेनी करीत घाटाच्या पायथ्याशी संपणारी मीटरगेज. २०१० अखेर ती रुंदीकरणासाठी बंद झाली. ब्रॉडगेज गाडी थेनीला २०२२ साली आली, बोडीला २०२३ साली. त्याच्या कितीतरी आधी या टापूत डोळ्यांचा डॉक्टर बिनतारी खेड्यात पोहोचला होता.

डॉ. गोविंदप्पा व्यंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, १९७६ साली, मदुराईत ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय काढले. संधिवाताने बोटे वाकडी झालेली. त्याच हातांनी ते मोतीबिंदू काढीत. पुढे खेडोपाडी शिबिरे भरू लागली. पण १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसले की, डोळ्यांचा त्रास असलेल्यांपैकी ७ टक्क्यांहूनही कमी लोक शिबिराला येतात. खर्च, भीती, घरची कामे! शिबीर एका दिवसाचे, डोळा मात्र कधीही बिघडतो.

म्हणून गावोगावी कायमची छोटी केंद्रे निघाली. तिथे डॉक्टर नसतो. शिकवून तयार केलेली त्याच भागातली मुलगी डोळा तपासते, छायाचित्र पाठवते आणि रुग्णालयातला डॉक्टर पडद्यावरून रुग्णाशी बोलतो. शस्त्रक्रिया लागली तरच प्रवास. एरवी रोजगार बुडत नाही.

अडचण होती जोडणीची. उपग्रह महाग, टेलिफोनची तार मंद. बर्कले विद्यापीठाच्या एरिक ब्रूअर यांच्या गटाने घरगुती वापराचे स्वस्त वाय-फायच निवडले. मनोऱ्यांवर समोरासमोर रोखलेल्या अँटेना बसवल्या. पण लांब पल्ल्यावर पोच उशिरा येते. यंत्राला वाटते निरोप हरवला, ते पुन्हा पाठवते आणि सगळा घोळ होतो. तेव्हा त्यांनी आज्ञावलीच बदलली व जाण्यायेण्याच्या वेळा वाटून दिल्या. एकेरी मार्गावर अप आणि डाऊनचे आपण दुसरे काय करतो?

२००६ पर्यंत थेनीच्या रुग्णालयाला पाच केंद्रे जोडली गेली. त्याच वर्षी जुलैत डॉ. व्यंकटस्वामी निवर्तले. आज अशी केंद्रे शंभरावर आहेत.

सुरुवातीला सर्वांत जास्त छळले ते विजेने. दाब खाली-वर झाला की उपकरणे जळत. परदेशातून अभियंता येईपर्यंत रुग्ण थांबणार कसा? शेवटी रुग्णालयातल्याच माणसांना दुरुस्तीचे काम शिकवावे लागले.