मॅन्युअल गिअरची छोटी स्पोर्टी कार: टेस्ट ड्राइव्हमध्ये नेमकं काय तपासायचं?

गाडीचे रिव्ह्यू आपण सगळेच फोनवर बघतो. किती सेकंदांत शंभरचा वेग, एक्झॉस्टचा आवाज कसा, लाल शिलाईच्या सीट कशा दिसतात, हे सगळं तिथे कळतं. पण गाडी मॅन्युअल असेल, तर एक गोष्ट कुठल्याच व्हिडिओत कळत नाही: तुमच्या डाव्या पायाला ती रोज झेपणार आहे का? टेस्ट ड्राइव्ह त्यासाठीच असते. मी पुण्यात ह्युंदाई आय२० एन लाइनची सहा गिअरची मॅन्युअल गाडी चालवून पाहिली. तिच्याच उदाहरणावरून समजून घेऊया.

आधी थोडी ओळख

एन लाइन भारतात २०२१ मध्ये आली, तेव्हा तिच्यात दोन पर्याय होते: डीसीटी ऑटोमॅटिक आणि आयएमटी. आयएमटीमध्ये गिअर हाताने टाकायचा, पण क्लचचं पेडलच नसतं. सप्टेंबर २०२३ मध्ये नवं रूप आलं आणि आयएमटीच्या जागी क्लच पेडल असलेला सहा गिअरचा साधा मॅन्युअल मिळाला. इंजिन ९९८ सीसीचं, तीन सिलिंडरचं, टर्बो पेट्रोल. टाटाची अल्ट्रोझ रेसर (२०२४) याच गटातली: १.२ लिटर टर्बो आणि सहा गिअरचा मॅन्युअल.

आकडे कसे वाचायचे?

एन लाइनची ताकद १२० पीएस, ती मिळते ६००० आरपीएमला. टॉर्क १७२ एनएम, तो मिळतो १५०० ते ४००० आरपीएममध्ये. जाहिरातीत पहिला आकडा मोठा दिसतो, पण शहरात ६००० पर्यंत इंजिन नेतो कोण? आपल्या कामाचा आकडा दुसरा.

टर्बो म्हणजे काय, तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो, म्हणून छोटं इंजिन मोठ्यासारखं ओढतं. पण आरपीएम कमी असेल तर तो वायूही कमी, आणि पंखा हळू फिरतो. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी क्षणभर थांबून मग उचलते. यालाच टर्बो लॅग म्हणतात. ऑटोमॅटिकमध्ये गाडी स्वतःच खालचा गिअर टाकून हे झाकते. मॅन्युअलमध्ये ते काम तुमचं.

रस्ता तुम्ही निवडा

बहुतेक ठिकाणी टेस्ट ड्राइव्हचा रस्ता ठरलेला असतो: मोकळा, गुळगुळीत, दहा मिनिटांत परत. तिथे कुठलीही टर्बो गाडी भारीच वाटते. मी फोन करतानाच सांगितलं होतं, की मला संध्याकाळी सहानंतर बाणेर रोडची गर्दी आणि एक चढ हवाय. आधी सांगितलं की सहसा कोणी नाही म्हणत नाही. लायसन्स डिजिलॉकरमध्ये असलं तरी चालतं, पण शोरूमला कॉपी लागते का ते आधीच विचारा. सहीचा फॉर्म दिला तर गाडीला ओरखडा आला तर खर्च कोणाचा, ती ओळ वाचूनच सही करा.

या पाच गोष्टी करून बघा

१. बसण्याची जागा: क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय पूर्ण ताणावा लागत असेल तर सीट पुढे घ्या. क्लचच्या डावीकडे पाय टेकवायला जागा आहे का, तेही बघा.

२. हाफ क्लच: सपाट रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, न लावता फक्त क्लच हळू सोडून गाडी पुढे न्या. ती कुठे पकडते ते दोन-तीनदा केलं की पायाला कळतं. खूप वर पकडत असेल तर क्लच झिजलेला असू शकतो. डेमो गाडी अनेकांनी चालवलेली असते, त्यामुळे तेवढ्यावरून मॉडेल नापास करू नका.

३. गर्दीत दहा मिनिटं: पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. पोटरी भरून येते का? माझा पाय पाच मिनिटांनंतर बोलायला लागला. हे मोकळ्या रस्त्यावर कधीच कळलं नसतं.

४. टर्बोची परीक्षा: मागे-पुढे गाडी नाही असं बघून, आरपीएम १५०० च्या खाली असताना तिसऱ्या गिअरमध्येच अ‍ॅक्सिलरेटर दाबा आणि गाडी कधी उचलते ते बघा. मग तेच दुसऱ्या गिअरमध्ये करा. फरक लगेच जाणवतो. ओव्हरटेक करण्याआधी गिअर उतरवायचा, ही सवय तुम्हाला आवडणार की कटकट वाटणार, ते इथे ठरतं.

५. चढ आणि खड्डे: चढावर थांबून पुन्हा निघा. हिल असिस्ट ब्रेक सोडल्यावरही गाडी काही क्षण धरून ठेवतं. स्पोर्टी गाडीचं सस्पेन्शन कडक असतं, म्हणून स्पीड ब्रेकर आणि खराब पॅच घ्याच. घरचे मागे बसणार असतील तर त्यांनाही सोबत न्या. त्यांची कंबर तुमच्यापेक्षा खरं सांगेल.

फोनचा वापर गाडी थांबल्यावरच करा. ब्लूटूथ, मॅप्स, अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले स्वतःच्या फोनवर जोडून बघा, आणि केबल लागते का तेही. परत आल्यावर पाचही मुद्द्यांवर दोन-दोन ओळी नोट्समध्ये लिहा. दुसरी गाडी चालवली की पहिलीचं नीट आठवत नाही.

मग मॅन्युअल घ्यायची की नाही?

माझं मत सांगतो. चढावर दुसरा गिअर टाकल्यावर गाडीने जी ओढ घेतली, ती मजा ऑटोमॅटिकमध्ये मला मिळालेली नाही. पण माझा रोजचा प्रवास गर्दीतलाच जास्त आहे, म्हणून मी लगेच बुकिंग केलं नाही. आता त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला डीसीटी चालवून बघणार आणि मगच ठरवणार.

तुमचा रोजचा रस्ता मोकळा असेल, शनिवार-रविवार घाटात जायची हौस असेल, तर मॅन्युअल घ्या, पैसेही वाचतील. पण रोज दीड-दोन तास सिग्नलला जाणार असतील, तर आवाजावर आणि लाल पट्ट्यांवर भाळू नका. हप्ता पाच-सात वर्षं चालतो, आणि क्लच दाबणारा पाय तुमचाच असतो.